माझी लाइन कुठली?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



शहापूरहून आसनगाव स्टेशनकडे रिक्षानं निघालं की वाटेत कुणी ना कुणी विचारतंच, "लाइन चालू आहे ना?" पावसाळ्यात तर हा प्रश्न हमखास. त्याच दिवशी घरी फोन करावा, तर बायको सांगते, "लाइनीवर झाड पडलंय, लाइट नाही." रेशन दुकानासमोर ओळखीची म्हातारी भेटते, "सकाळपासून लाइनीत उभी आहे रे बाबा" म्हणते. आणि संध्याकाळी पुतण्या येऊन सांगतो की त्याला कॉलेज सोडून मोबाइल दुरुस्ती शिकायची आहे, कारण "ती लाइन चांगली आहे काका." एका दिवसात एकच शब्द चार वेळा आला, चार अर्थांनी आला, आणि चारही वेळा ऐकणाऱ्याचा काडीमात्र गोंधळ झाला नाही. आज या शब्दाविषयी तुमच्याशी बोलावं असं मनात आहे.

मी कविता लिहितो. म्हणजे ओळी जुळवणं हाच माझा उद्योग. शिक्षण म्हणाल तर बी. ए., आमच्याकडच्या भाषेत 'आर्ट्स लाइन'. सायन्स लाइनवाल्यांनी ज्या लाइनीकडे दयेनं पाहावं, ती. तेव्हा भाषाशास्त्रज्ञाचा अधिकार माझ्याकडे नाही. पण जो शब्द घरात चुलीपाशी, दारात नळापाशी आणि बापाच्या नोकरीत भेटला, त्याच्याविषयी बोलायला अधिकार कशाला हवा?

इंग्रजीतला हा शब्द मूळचा लॅटिन. 'लिनिया' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. जवसाला लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणतात, त्यावरून. पूर्वी सरळ रेघ मारायची तर दोरी ताणूनच मारायचे, म्हणून दोरीचं नाव रेघेला मिळालं. आपल्याकडेही हेच झालेलं आहे. सुतार लाकूड 'सुतात' आहे का बघतो, ते सूत म्हणजे धागाच. गवंडी विटांचा थर लावताना दोन टोकांना दोरी बांधतो, तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. लॅटिन दोरी आणि मराठी दोरी त्याच्या हातात शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि त्याला पत्ताही नसतो. भिंत उभी सरळ आहे का हे बघायला मात्र तो अजून 'ओळंबा'च सोडतो. तिथं इंग्रजीचं काही चाललं नाही. आणि तरुण मंडळींची जी 'लाइन मारणं' म्हणून एक क्रिया आहे, म्हसाच्या यात्रेत पौषातल्या थंडीत घोंगड्यांच्या आणि बैलांच्या बाजारापेक्षाही जिची उलाढाल मोठी असते, तिला आमच्या आधीची पिढी 'सूत जुळणं' म्हणायची. पुन्हा दोराच. फरक इतकाच, की सूत दोन्ही बाजूंनी जुळावं लागतं, लाइन एकट्यालाही मारता येते.

आता हा शब्द मराठीचा झाला की नाही, असा वाद घालणारे असतात. मी त्यांना व्याकरणाकडे बोट दाखवतो. ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत, बारी या सगळ्या मराठीत स्त्रीलिंगी. लाइन आली आणि गुपचूप त्यांच्यात जाऊन बसली, तीही स्त्रीलिंगी झाली. लाइनीत, लाइनीवर, लाइनीला अशी तिची रूपं चालू लागली. अनेकवचन 'लाइनी' झालं. सून सासरी रुळल्याची याहून मोठी खूण कुठली?

पण सून आली म्हणून घरातल्या बायका निघून जात नाहीत. नांगराचं 'तास' असतं, उसाची 'सरी' असते, वहीवरची 'रेघ', जेवणाची 'पंगत', पंढरपूरला दर्शनाची 'बारी'. यातल्या एकीच्याही जागी लाइन बसवून बघा, अडखळायला होईल. पंगतीला कुणी लाइन म्हणत नाही. कृषी सहायक चारसूत्री भाताचं प्रात्यक्षिक दाखवायला येतात तेव्हा "लाइनीत लावा" म्हणतात, कारण दोरी धरून रोपं ठरावीक अंतरावर लावायची असतात. आमच्या बायका हातानं भराभरा आवणी करत जातात, तिला त्या लाइन म्हणत नाहीत. ती नुसती आवणी. म्हणजे जे वरून, बाहेरून, मापानं आलं ते लाइन आणि जे अंगवळणी होतं त्याची जुनी नावं राहिली. हा नियम पक्का नाही, पण मला बऱ्याच ठिकाणी लागू पडताना दिसतो.

आमच्या घरात आणखी काही शब्द होते. कवितेच्या ओळीला उर्दूत 'मिसरा', लिहिलेल्या ओळीला 'सतर', तळहातावरच्या रेघेला 'लकीर', रांगेला 'कतार'. आणि मशिदीत नमाजाला उभं राहतात ती 'सफ'. सफ सरळ करा, असं इमामसाहेब दर नमाजाआधी सांगतात. खांद्याला खांदा, मध्ये फट नको. सफेत कुणाची जागा राखलेली नसते, आधी येईल तो पुढे. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्याच रांगा अशा असतात.

अब्बा रेल्वेत चावीवाले होते.  रूळ स्लीपरांवर घट्ट बसावेत म्हणून लोखंडी चाव्या ठोकलेल्या असत. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होत. चावीवाल्यानं रोज ठरलेला पल्ला पायी चालायचा, खांद्यावर हातोडा, बगलेत लाल-हिरवी झेंडी, आणि ढिली चावी दिसली की ठोकायची. खर्डी-कसाऱ्याच्या बाजूला अब्बांनी ही नोकरी केली. "अब्बा कुठे गेले?" कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, "लाइन बघायला." त्यांच्या तोंडी रूळ आणि लाइन हे दोन निरनिराळे शब्द होते. रूळ म्हणजे लोखंड. लाइन म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, चाव्या, खालचा भराव, सगळं मिळून. "रूळ तडकतो, लाइन बंद पडते," असं ते सांगत. याहून नेमकी व्याख्या मी कोशात शोधायला गेलो नाही.

ही लाइन आमच्या तालुक्यात फार लवकर आली. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली हे सगळ्यांना पाठ असतं. १८५५ मध्ये लाइन वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचली. पुढं थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. अजूनही वर जाणाऱ्या गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागं जादा इंजिनं लागतात, मगच घाट चढतात. मेलगाड्या आमच्याकडे थांबतात त्या इंजिनासाठी, माणसांसाठी नव्हे. लहानपणी आम्ही त्या पाच मिनिटांत खिडक्यांतले चेहरे बघून घ्यायचो.

अम्मा मुरबाडची. नाणेघाटाच्या पायथ्याकडचं तिचं माहेर. तिच्या लग्नाच्या वेळी गावातले लोक म्हणाले होते, पोरगी लाइनवाल्याला दिली. मुरबाडला लाइन नव्हती आणि आजही नाही. "मुरबाडला लाइन येणार" हे वाक्य मात्र मी जन्मापासून ऐकतो. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी, सर्वेक्षण, मंजुरी, भाषणं, सगळं झालं. निवडणुका येतात तशी लाइन जवळ येते, मग पुन्हा लांब जाते. माझे मामा गमतीनं म्हणायचे, "आमच्या लाइनीला सिग्नल मिळालाय, रूळ तेवढे यायचेत."

नाणेघाट म्हणजे वाहतुकीची फार जुनी वाट. कल्याण-सोपाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरून याच घाटानं जुन्नरकडं चढायचा. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. राणी नागनिकेशी तो जोडला जातो. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची त्यात यादी आहे, गाई किती, घोडे किती, नाणी किती, आकड्यांसकट. दोन हजार वर्षांत कितीक अक्षरं झिजून गेली. मला मराठीच्या पणजीचं हस्ताक्षर बघावं तसं त्या ओळींकडं बघताना वाटतं. शाळेत असताना मामांबरोबर पहिल्यांदा चढलो, तेव्हा मामा म्हणाले, "बघ, किती लाइनी लिहिल्यात." मी मोठ्या ऐटीत सुधारलं, "मामू, ओळी म्हणा." ते हसले. "ओळी तर ओळी. पण वाचता येतात का तुला?"

येत नव्हत्या.

मुरबाडातच सिद्धगड आहे. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडं वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला तिथं लोक जमतात. मीही गेलो आहे. दरीकडं बघताना एक साधा विचार मनात आला. ज्या लाइनी त्यांनी तोडल्या, त्यांच्यातली वीज मुंबईसाठी जात होती. खालच्या वाड्यापाड्यांवर तेव्हा रॉकेलच्या चिमण्या जळत होत्या.

आणि पाण्याचं तर विचारूच नका. तानसाचं धरण १८९२ चं. त्यानंतर वैतरणेवरचं मोडकसागर, मग भातसा. मुंबईला लागणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकटी भातसा देते. भातसाचं पाणी नदीतून पिसेपर्यंत वाहत जातं आणि तिथून उपसलं जातं. तानसा-वैतरणेचं पाणी मात्र अजस्र पाइपलाइनींतून उताराउतारानं जातं. माझी एक खाला त्या बाजूला दिलेली. तिच्या घरापासून पाइपलाइन दिसायची, एवढी थोरली की आत माणूस उभा चालावा. कान लावला की आतून पाणी गेल्याचा आवाज येई. आम्ही पोरं कान लावायचो. खालाच्या हंड्यात पाणी यायचं ते मात्र व्हॉल्व्हपाशी गळायचं त्यातलं, किंवा टँकरचं. शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात हे आता वर्तमानपत्रांनाही बातमी वाटेनासं झालं आहे.

इथं क्रियापदाकडं लक्ष द्या. कोशात 'लाइन' शब्दाचे अर्थ नामाखाली दिलेले असतात. आमच्याकडं ते क्रियापदावरून कळतात. लाइन लागते, लाइन लावतात, लाइन मारतात, माणूस लाइनीला लागतो, लाइन सोडतो. मुरबाडला लाइन 'येणार' असते. शहापुरातून लाइन 'जाते'. रेल्वेची जाते, पाण्याची जाते, विजेची जाते, आणि आता समृद्धी महामार्गही गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यासाठी जमिनीची मोजणी चालली होती त्या दिवसांत शेतकरी एकमेकांना विचारायचे, "तुझ्यातून लाइन गेली का?" माझ्या शेतातून नव्हे, 'माझ्यातून'. असं वाक्य कवीला सुचत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. खरं तर याच गोष्टीसाठी हा शब्द निवडला.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली होती. उन्हाळ्यातल्या विहिरीवर हंड्यांची लाइन लागते, त्याविषयीची. एका नियतकालिकाकडं पाठवली. संपादकांचं छान पत्र आलं. कविता आवडली, घेत आहोत, फक्त 'लाइन' हा परका शब्द काढून तिथे 'रांग' केलं आहे. पुढे एक वाक्य होतं, तुम्ही इतकं चांगलं मराठी लिहिता याचं कौतुक वाटतं. हे कौतुक मला आयुष्यभर मिळत आलेलं आहे. माझ्या घरात सात पिढ्या ही भाषा बोलतात, तरी मी ती पाहुण्यासारखी छान बोलतो असं लोकांना वाटतं. असो. त्या वयात छापून येण्याची हौस होती. 'रांग' तर 'रांग', मी होकार कळवला. मनात म्हटलं, काय बिघडतं, अर्थ तर तोच.

अंक आला. अम्माला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी कविता वाचून दाखवली. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, "रांग नाही. लाइन."

म्हटलं, "एकच गं."

"एकच कसं? रांगेत माणूस उभा राहतो. लाइनीत हंडा ठेवून घरी जाता येतं. मी दिवसभर रांगेत उभी राहिले असते तर तुम्हाला भाकऱ्या कुणी टाकल्या असत्या?"

मी गप्प झालो. समानार्थी शब्दांच्या याद्या शाळेत पाठ केल्या होत्या, त्यात हा फरक कुठं लिहिलेला नव्हता. मग तिनं मला जे सांगितलं, ते त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. अब्बांची त्या गावाला नुकतीच बदली झाली होती. आमच्या लोकांचं तिथं हे एकच घर. अम्मा कमरेवर हंडा घेऊन विहिरीवर गेली. तिथं हंड्यांच्या दोन लाइनी होत्या. एक गावची, एक वाडीची, म्हणजे कातकऱ्यांची. गावच्या लाइनीतले पाच हंडे भरले की वाडीच्या लाइनीतला एक भरायचा, असा तिथला कायदा. कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक. मुरबाडहून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीनं दोन्ही लाइनींकडं बघून विचारलं, "माझी लाइन कुठली?"

कुणी उत्तर दिलं नाही. अम्मा म्हणते, त्यात वाईटपणा नव्हता, त्यांनाही खरोखरच माहीत नव्हतं. तसा प्रश्न आधी कधी आला नव्हता. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. शेवटी वाडीच्या लाइनीतल्या एका म्हातारीनं आपला हंडा सरकवून जागा केली आणि म्हणाली, "बाय, इकडं ठेव."

तिनं ठेवला. अकरा उन्हाळे ती त्याच लाइनीत हंडा ठेवत होती, म्हणजे पाचाला एक या हिशेबानं पाणी भरत होती. पहाटे तीनला उठून जायची, हंडा लावायची, घरी येऊन अब्बांचा डबा करायची, पुन्हा जायची. हंडा नसेल तर दगड ठेवायचा, तोही चालायचा. दगडाला दगड ओळखणाऱ्या बायका होत्या. चार वर्षांनी गावातल्या एका प्रतिष्ठित घरच्या बाईंनी हाक मारली, "भाभी, तुम्ही इकडं या की आमच्यात." अम्मा गेली नाही. मी विचारलं, का नाही गेलीस? पाणी लवकर मिळालं असतं.

"माझा नंबर तिथं लागलेला होता," ती म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

बाराव्या वर्षी बोअरिंग झालं. हातपंपावर एकच लाइन लागू लागली. ती एक कशी झाली याचीही एक लांबलचक भांडणाची गोष्ट आहे, ती आज नको.

त्या संपादकांना मी पत्र लिहिलं. भांडण म्हणून नव्हे, नुसतं कळवलं, की तिथं 'लाइन'च हवं होतं आणि चूक माझी, मी होकार द्यायला नको होता. उत्तर आलं नाही. पुढं संग्रह काढला तेव्हा शब्द परत आणला. एका मित्रानं तेव्हाही खोड काढलीच, की 'कतार' का नाही घेतलंस, तुझ्या भाषेतला आहे. त्याला मी सांगितलं, माझ्या भाषेतला 'लाइन' आहे.

इंग्रजी शब्द भराभरा येताहेत याचं मलाही वाईट वाटतं, हे इथं सांगून टाकतो. 'भावजय' जाऊन 'वहिनी' उरली, आता तीही 'सिस्टर-इन-लॉ' होऊ घातली आहे, तिथं मी भांडतो. नातं काही बाहेरून आलेलं नाही. आपल्याकडे शब्द असताना, नेमका असताना, केवळ ऐट म्हणून दुसरा घ्यायचा याला माझा विरोध आहे. पण विहिरीवरच्या बायकांनी ऐट म्हणून लाइन म्हटलं नव्हतं.

अलीकडं या शब्दाला नवं शेपूट नव्हे, नवं डोकं फुटलं आहे. ऑनलाइन. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडची मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची, शाळा ऑनलाइन म्हणून. आता दाखले, अर्ज, आधार, सगळं ऑनलाइन. लोकांना रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून ही सोय. परवा तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रापुढं पंचवीस-तीस बायका उन्हात उभ्या. एकीला विचारलं, कशाची लाइन? म्हणाली, "ऑनलाइनची." मी हसलो, ती हसली नाही. सर्व्हर बंद होता आणि तिची दुपारची गाडी चुकणार होती.

अम्मा आता अठ्ठ्याहत्तरच्या पुढं आहे. अब्बा गेल्यानंतर ती गावीच राहते, माझ्याकडं चार दिवसांवर राहत नाही. मध्यंतरी एका योजनेतून गावात नळाची लाइन आली. चर खणले, निळे पाइप पुरले, प्रत्येक दारात सिमेंटच्या छोट्या ओट्यावर तोटी बसवली, तिचा फोटोही काढून नेला. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी विचारलं, "पाणी येतं का?"

"लाइन आलीय," ती म्हणाली. "पाणी यायचंय."

तोटीखाली तिचा पितळी हंडा ठेवलेला होता. उन्हानं तापला होता. मी तो उचलून सावलीत ठेवायला गेलो, तर आतून ओरडली, "राहू दे तिथंच. लाइन लावलीय."